लेकींची झाडं

वडील, बापूजी, गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात देवरावानं भावाबहिणीला आणि आत्याला बोलावलं ते घरी नव्हे, बिडात, घराण्याच्या राखीव गवती रानात. त्याला जे मागायचं होतं ते या कुळात घरात बसून मागता येत नसे. ते झाडाखाली उभं राहून मागावं लागे, आणि झाड जिचं असेल ती बाई समोर असावी लागे.

सावनेरच्या उत्तरेला काळी जमीन दमून टेकाडांना टेकते, तिथं हे बीड होतं. जंगल म्हणावं तर झाडं एकमेकांपासून अदबीनं दूर उभी होती. कुरण म्हणावं तर डोक्यावर मोहाच्या, तेंदूच्या, चारोळी देणाऱ्या आचाराच्या सावल्या होत्या. पावसाळाभर इथलं गवत राखायचं, दिवाळीनंतर कापायचं आणि मग गावची ढोरं आत सोडायची. ढोरांनी फाल्गुनापर्यंत जमीन चाटून साफ केली, की झाडाखालचा पाचोळा जाळून मोहफुलांसाठी अंगण करायचं. उरलेल्या खोडव्यावर चितळं येत, रोही म्हणजे नीलगाई येत, आणि गावातलं कुणी त्यांना हाकलत नसे. माणसांनी हे रान लावलं नव्हतं. त्यांनी फक्त त्याला पिढ्यान्‌पिढ्या मोडू दिलं नव्हतं.

आणि जमीन जरी मुलग्यांची असली, तरी मोह मुलींचे होते. लग्नाच्या सकाळी मुलगी बिडात येऊन एक झाड निवडी. त्याची फुलं भावानं वेचायची, वाळवायची आणि दर साली तिच्या सासरी पोचवायची. ती वारली की झाड पुढच्या पिढीतल्या लेकीकडे येई. असे फिरत फिरत बिडातले सगळे मोह आता दोघींच्या वाट्याला आले होते. अर्धे बापूजींच्या बहिणीचे, गोपिकाआत्याचे. अर्धे देवरावाच्या बहिणीचे, इंदुताईचे. झाड तोडायचं तर तिनं यायचं, स्वच्छ केलेल्या बुंध्याशी तांब्याभर पाणी घालायचं आणि म्हणायचं, ‘मोकळं केलं.’ त्याशिवाय या बिडात कुऱ्हाड शिरत नसे.

देवरावाला संत्र्याची बाग लावायची होती.

काटोलकडे चुलत मेव्हण्याच्या बागेत आंबिया बहर त्यानं एकदा पाहिला होता, आणि त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यात एक परका, लाजरा उजेड आला होता. गेल्या पौषात बिडाच्या उतारावर खणलेल्या विहिरीला पाणी लागलं. त्याआधीच त्यानं चौफेर काटेरी तार ओढली होती, दार एकच, विहिरीकडं. गवत यंदा कापलं नाही, ढोरं आत सोडली नाहीत. झाडं जायचीच होती, मग गवताची काळजी कुणी करायची? ते कमरेइतकं वाढून पिवळं पडलं होतं आणि वाऱ्यावर एखाद्या मोठ्या जनावराच्या पाठीसारखं हलत होतं.

सोमवारी लाकूडवाला येणार होता. आज रविवार.

इंदुताईचं मन शहरातल्या धंतोलीहून निघतानाच ठरलं होतं, झाडं देऊन टाकायची. नवऱ्याच्या औषधाच्या दुकानावर, दवाखान्यांच्या गल्लीत, तिनं विदर्भातली माणसं रोज पाहिली होती. तालुक्यातालुक्यातून आलेली, काळजीनं खंगलेली, तपासणीचे कागद हातात धरून बाकावर बसलेली. त्या बाकावर आपला भाऊ कधी बसू नये, एवढंच तिला वाटे. त्यानं उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

तिच्या झाडाखालचा पाचोळा देवरावानं आदल्या संध्याकाळीच जाळून ठेवला होता. ओल्या गोणपाटानं कडा दाबत, जपून. इंदूनं तांब्या उचलला. वर पाहिलं तेव्हा पानं झडलेल्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस होते, तपकिरी मखमलीच्या बोंडांतून डोकावणारे. लग्नाच्या सकाळी तिनं हेच झाड का निवडलं, हे तिला आठवेना. घाई होती, एवढं आठवलं.

“दादा, तुले बाग पायजे ना? घे.” तिनं पाणी घातलं. “मोकळं केलं. माह्यं अन् माह्यावर आलेलं सारं.”

पाणी राखेत शिरताना बारीक आवाज झाला. देवरावानं मान खाली घातली. धाकटा चंद्रभान मात्र तोंड फिरवून उभा राहिला. तो कोराडीच्या कोळशाच्या वीजघरात नोकरीला होता आणि सकाळच्या बसनं उतरून थेट इथं आला होता.

“भाऊजी, बुशकोट झाडून घ्या,” देवरावाची बायको प्रेमिलावहिनी म्हणाली. “कोराडी अंगावरच घेऊन आले का?”

“झाडून काय फायदा वहिनी? क्वार्टरमंदी भातावरई राख पडते.” मग बहिणीकडे वळून तो म्हणाला, “इंदे, तू इतक्या लवकर देऊन टाकलं? विचारलं तरी असतं मले.”

“तुले काय विचारू? झाड तुह्यं हाये का?”

“झाड नाही. पर मी महिन्यातून एकदा इथं येतो, तवा मले श्वास घेता येते. हे तोडलं तं मी जाऊ कुठं?”

“तुमी रविवारी येता भाऊजी,” प्रेमिला शांतपणे म्हणाली. “सोमवारी इथं कोण रायते, तेई विचारा कधी.”

चंद्रभान बुशकोट झाडू लागला. गोपिकाआत्या तेवढ्यात पुढं निघाली होती.

आत्याचं झाड बिडाच्या मध्यावर होतं. चार माणसांनी कवेत घ्यावं असा बुंधा, आणि त्यात एक माणूस उभा राहील एवढी पोकळी. तिथं जाण्यासाठी सगळ्यांना गवत दोन्ही हातांनी दुभंगत जावं लागलं. प्रेमिला सगळ्यात मागे होती. लग्न होऊन या घरी आल्यापासून दर चैत्रात ती या झाडांखाली वाकली होती. नणंदेची फुलं, आत्याची फुलं, टोपल्यामागून टोपल्या. तिचं स्वतःचं झाड पारशिवनीकडे, माहेरी होतं. भावांनी ते एका उन्हाळ्यात न विचारता तोडलं आणि त्याच्या लाकडाचा पलंग करून तिला भेट पाठवला. मोठ्या प्रेमानं पाठवला. ती त्यावर झोपते. विहिरीला पाणी लागलं त्या रात्री तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, “तोडा. पर विचारून तोडा.” म्हणूनच आजचा हा दिवस उगवला होता.

देवरावानं कोयत्यानं झाडाभोवती थोडं गवत कापलं, पाचोळा बुंध्याशी ओढला आणि काडी लावली. पाणी घालायचं तर अंगण हवं. अंगण हवं तर पाचोळा जाळायला हवा. त्याच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानं हेच केलं होतं. फक्त त्यांनी काडी लावली तेव्हा भोवतालची जमीन ढोरांनी चरून उघडी केलेली असे. ही गोष्ट त्या क्षणी तिथल्या एकाच्याही मनात आली नाही. पाचोळा हळूहळू, आज्ञाधारकपणे जळू लागला.

“आता बोल,” आत्या एका मुळावर बसत म्हणाली. “काय पायजे?”

“तुले माहीत हाये आत्या.”

“माहीत हाये. तरी तुह्या तोंडून ऐकावं वाटते.”

“संत्र्याची बाग लावतो.”

“मले संत्रं आंबट लागते गा.”

इंदू हसली. देवराव हसला नाही. “मस्करी नोको करू. फुलांचं म्हणशीन तं दरसाल बाजारातून घेऊन देईन तुले. दुप्पट देईन.”

“फुलं भेटतीन रे बाप्पा बाजारात. वेचून देणारा भाऊ कोण्या दुकानात भेटते?” आत्यानं पदरानं घाम पुसला. “तुह्या बापानं मले आजारपणातई फुलं आणून देल्ली. खोकलत आला होता. मी म्हटलं, काहून आला? तं म्हणे, तुह्यं झाड थांबते का माह्यासाठी?”

“बापूजी, बापूजी!” देवरावाचा आवाज अचानक फाटला. “त्यानं राखलं, आज्यानं राखलं, मीई राखूनच राह्यलो जनमभर. ढोरापासून राख, आगीपासून राख, चोरापासून राख. आत्या, माह्या हातचं एक झाड दाखव या बिडात! एक दाखव! मी मेलो तं लोक काय म्हणतीन? देवरावानं काय केलं? काहीच नाही केलं. जसं होतं तसं ठेवलं.”

इंदूला वाटलं, दादाच्या तोंडून इतकी वाक्यं एका दमात आपण कधी ऐकली नाहीत. चंद्रभाननं पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. गळ्याच्या शिरा, उन्हानं करपलेले कान. तो पुढं झाला आणि म्हणाला, “दे आत्या त्याले. मी काही म्हणत नाही आता.”

“भाऊजी!” प्रेमिला म्हणाली, पण ती चंद्रभानकडे पाहत नव्हती. तिनं मान वळवली होती. कुणीतरी नवं लुगडं टरकावतंय असा आवाज तिच्या मागून येत होता.

कापलेल्या गवताची कड केव्हाच ओलांडली गेली होती. वाऱ्याची एक झुळूक उतारावरून आली, गवताची पिवळी पाठ हलली, आणि ज्वाळा उभी राहिली. आधी गुडघ्याएवढी होती. बघता बघता माणसाएवढी झाली.

“आत्याले घ्या!” देवराव ओरडला.

चंद्रभाननं आत्याला पाठुंगळी घेतलं. इंदू आणि प्रेमिला वाऱ्याच्या उलट दिशेनं, विहिरीच्या मुरमाड ढिगाकडे पळाल्या. मागं वळून पाहिलं तेव्हा आग तिरकी धावत होती आणि तिच्या पुढं ससे, तितर, चितळं, रानडुकरांची एक ओळ, आणि मान उंचावलेला एक नर रोही. सगळे एकाच दिशेला चालले होते. तारेपाशी जाऊन सगळे अडले. रोह्यानं उडी घेतली. डुकरं तारेला धडका देऊ लागली.

देवराव धावत तिकडं गेला. धूर पाहून गाव पळत आलं होतं. हातात पळसाच्या हिरव्या फांद्या घेतलेली वीसपंचवीस माणसं तारेच्या पलीकडं उभी होती. पुढं गावची ढोरं राखणारा कवडू गोवारी होता, ज्याच्या ढोरांना या तारेनं यंदाचा सगळा मोसम बाहेर ठेवलं होतं.

“पाटील, कुठून येऊ?” तो ओरडला. “गावाकडून दार तं ठेवलंच नाही तुमी!”

देवरावानं तारेपलीकडच्या एकाची कुऱ्हाड मागून घेतली. तारेवर घाव बसेना, ती उसळून त्याच्या दंडात रुतली. मग त्यानं लाकडी खांबांवर घाव घातले. एक खांब पडला, दुसरा पडला, तार जमिनीवर लोळली, आणि तिच्यावरून आतली जनावरं बाहेर गेली, बाहेरची माणसं आत आली. धुरात दोघांनीही एकमेकांना वाट दिली.

दुपारभर फांद्यांचे फटके बसत राहिले. आग झोडपून विझत नव्हती. ती फक्त जिथं गवत संपलं तिथं संपली, नाल्याच्या वाळूपाशी, सूर्य कलल्यावर. माणसं जिथं होती तिथंच बसली. कुणाच्या भुवया उरल्या नव्हत्या. गावातून भाकरी आल्या, त्या काळ्या हातांनी खाल्ल्या गेल्या. देवराव कुणाकुणाला पाणी देत हिंडला. त्याला एकानंही बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसेना. कवडू तेवढा म्हणाला, “पाटील, ढोरं आत असते तं इतकं गवत राह्यलंच नसतं जळाले,” आणि लगेच, जणू आपण हवापाण्याबद्दल बोललो असं दाखवत, त्यानं तंबाखूची चंची पुढं केली.

घरी कुणी गेलं नाही. आत्याच्या झाडाची पोकळी पेटली होती आणि ती विझेपर्यंत राखण हवी होती. अंधारात त्या बुंध्याच्या तोंडातून लाल उजेड येत राहिला. दूर दक्षिणेला आभाळाच्या कडेवर कोराडीचा दुसरा, न हलणारा उजेड होता. चंद्रभान दोहोंच्या मधे, कोराडीकडं पाठ करून झोपला.

पहाटे इंदूला जाग आली ती आवाजानं.

टप्. मग बरंच काही नाही. मग टप्, टप्.

उजेड अजून रंगाचा झाला नव्हता. बीड काळं होतं. इथून नाल्यापर्यंत, एकसंध, पाटीसारखं काळं. गवताची एक काडी उरली नव्हती. आणि त्या काळ्यावर झाडं उभी होती, कमरेपर्यंत करपलेली, वर जशीच्या तशी. त्यांच्या फांद्यांवरून फुलं गळत होती. फिकट, रसरशीत, मोत्याहून मोठी. वाऱ्यानं नव्हे, वेळ झाली म्हणून. प्रत्येक झाडाखाली काळ्या जमिनीवर पिवळसर पांढरं वर्तुळ पडत होतं, आणि ते वर्तुळ अगदी त्या झाडाच्या विस्ताराएवढं होतं. जणू आभाळातून कुणी प्रत्येक झाडाची सावली उजेडानं काढत होतं.

“दादा,” ती कुजबुजली. “ऊठ.”

देवराव उठून बसला. या वेळी तो दर साली इथं असे. पण पाठ वाकवून, टोपली ओढत, फूल आणि जमीन यांच्याशिवाय काही न पाहता. आज टोपली नव्हती. आज पहिल्यांदा त्यानं मान वर ठेवून बिडातली सकाळ पाहिली.

नाल्याकडून चितळं आली. काल जिथून पळाली तिथंच, राखेवर खूर न वाजवता. पुढची मादी थांबली, हुंगली, आणि खाली वाकून खाऊ लागली. तिच्यामागं बाकीची. वरून वानरं उतरली. तिकडच्या कडेला रोही उभा होता, बहुधा कालचाच. कुणी कुणाचं झाड हिसकावत नव्हतं. पन्नास पावलांवर माणसं बसली आहेत हे त्यांना ठाऊक असावं. पण काल त्यांना माणसांपेक्षा मोठं भय भेटून गेलं होतं, आणि आता भूक लागली होती. धुराच्या कडवट वासावर मोहाचा गोड, जड वास चढत गेला. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं की कशानं हे तिनं तपासलं नाही.

त्याच वेळी मध्यावरून एक लांब, खोल कण्हणं आलं. आत्याचं झाड किंचित वळलं. काही क्षण ते तसंच तिरकं थांबलं, आणि मग सगळी फुलं अंगावर घेऊन खाली आलं. जमिनीतला हादरा सगळ्यांच्या पायांखालून गेला. राखेचा ढग वर चढला. चितळं उधळली, पण दूर गेली नाहीत. ढग खाली बसू लागला तशी ती एकेक करून परतली आणि पडलेल्या झाडाच्या शेंड्यातूनच खाऊ लागली. जी फुलं आजवर फक्त पाखरांना मिळाली होती ती.

गोपिकाआत्या हात जोडून उभी होती.

“आत्या…” देवराव म्हणाला. “माह्या हातानं गेलं. तू मोकळंई केलं नव्हतं, अन् गेलं.”

“म्हातारं होतं ते.” आत्यानं डोळे पुसले नाहीत. “माह्या आत्यानं निवडलं तवाई ते म्हातारंच होतं. ती सांगे, पोकळीत लपलो होतो आमी खेळताना.” मग ती थोडा वेळ त्या जनावरांकडं पाहत राहिली. “देवा, हे असं रोज होते का गा? अन् आपण फुलंच वेचून राह्यलो?”

पडलेल्या खांबांपाशी घंटांचा आवाज आला. कवडू गावची ढोरं घेऊन आला होता. तारेवर पाय न देता ती रांगेनं थांबली होती, माना लांबवून, नाकपुड्या फुलवून.

“पाटील,” कवडूनं हाक दिली, “ढोरं वासानं आले. आत घेऊ का मागं फिरवू?”

चंद्रभान भावाकडं बघत होता. प्रेमिलाही. लाकूडवाला दुपारी यायचा होता. झाडं अजून उभी होती, विहिरीत पाणी होतं, जमीन आता आयतीच साफ झाली होती. ‘नाही’ म्हणायला काही म्हणजे काही आडवं येत नव्हतं, हे प्रेमिलाला स्पष्ट दिसत होतं, आणि नवऱ्यालाही दिसत होतं हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं.

देवराव उठला. दंडावरचं रक्त वाळून काळं झालं होतं. तो तारेपाशी गेला आणि अजून उभ्या असलेल्या तिसऱ्या खांबाला मिठी घालून हलवू लागला. खांब निघेना. चंद्रभान धावत गेला आणि त्यानं दुसरी बाजू धरली.

“आजच्यापुरतं का दादा?”

“कुठून आजच्यापुरतं!” देवराव धापा टाकत म्हणाला. “हलव. पुढलाई काढू.”

खांब मातीसकट वर आला. ढोरं आत शिरली, चितळं थोडी सरकली, आणि काळ्या रानावर सगळ्यांच्या पाठी एकाच उजेडात आल्या. संत्र्याचं नाव त्या घरात पुढं बरीच वर्षं निघालं नाही. काटोलचा मेव्हणा आला तरी निघालं नाही.

परत येताना देवराव बहिणीसमोर थांबला. “इंदे, तुह्यं झाड तुलेच राहू दे. काल पाणी घातलं ते नाही घातलं समज.”

“असं कसं समजू? मी मोकळं केलं ना. आता ते माह्यं नाही.”

“कोणी पाह्यलं?”

“झाडानं पाह्यलं,” आत्या म्हणाली. “मोकळं केलेलं माघारी घेता येत नाही.”

इंदू काही वेळ राखेत बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, “वहिनी, तुमी घ्या.”

प्रेमिला दचकली. “मी? मी तं सून होय ताई. झाडं लेकींचे असतेत.”

सगळ्यांनी आत्याकडं पाहिलं.

“असं कधी झालं नाही,” आत्या सावकाश म्हणाली. पडलेल्या झाडावरून तिची नजर ढोरांवर, तिथून नाल्यापर्यंतच्या काळ्या रानावर फिरली. “पर कालपावेतो हेई कधी झालं नव्हतं. घे वं पोरी. भाऊ इथं नाही तुहा, तं नवरा वेचून देईन. बसून खाय.”

देवरावानं डोक्याचा रुमाल सोडला, जमिनीवर पसरला आणि इंदूच्या, म्हणजे आता प्रेमिलाच्या, झाडाखाली गुडघे टेकले. एका गाईनं त्याच्या शेजारी तोंड घातलं. त्यानं तिला ढकललं नाही. ती सरकेल तेवढ्याच जागेतली फुलं तो वेचत राहिला.

प्रेमिलाला काय करावं सुचेना. तिचे हात सवयीनं टोपली शोधत होते. मग ती वाकली, पायाशी पडलेलं एक फूल तिनं उचललं, त्यावरची राख फुंकली आणि, ज्या झाडाखाली इतकी वर्षं वाकून तिनं एकही फूल तोंडात घातलं नव्हतं त्या झाडाचं ते फूल, हळूच खाल्लं.